शंभरपर्यंत पाठ, पण तीन बिस्किटं मोजून देता येईनात!

"डॉक्टर, याला बुद्धीचं एखादं टॉनिक द्या. वही काढली की रडायला लागतो."

जून-जुलैमध्ये शाळा सुरू झाल्या की बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मूल साधारण साडेतीन-चार वर्षांचं असतं, ज्युनियर केजीत जातं आणि होमवर्क असतो '१ ते ५० लिहून आणा'. काही मुलांचं सकाळी शाळेच्या वेळी बरोबर पोट दुखतं आणि रविवारी ते आपोआप बरं होतं. काहींचा हात दुखतो. आई काळजीत असते, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो आलेला असतो आणि तिचं शंभरपर्यंत लिहून झालेलं असतं.

अशा मुलासमोर दहा बिस्किटं ठेवा आणि म्हणा, "मला तीन दे बरं." बरीच मुलं मूठभर बिस्किटं उचलून देतात. वहीत शंभरपर्यंत अंक आहेत, तोंडी शंभरपर्यंत पाठ आहे, पण 'तीन' म्हणजे नेमकं किती, हे अजून पक्कं झालेलं नाही. यात मुलाचा काहीही दोष नाही. त्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. अस्वाभाविक आहे ती वही.

या लेखात मी सौम्य भाषा वापरणार नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला पानंच्या पानं अंक गिरवायला लावणं म्हणजे गणित शिकवणं नव्हे. त्यातून गणित येत नाही. उलट, ज्या वेळात ते आलं असतं तो वेळ खर्ची पडतो आणि 'मला जमत नाही' हा धडा मात्र मूल पक्का शिकतं.

आधी जरा हिशोब करू

१ ते १०० लिहायचं म्हणजे किती आकडे काढायचे? १ ते ९ चे नऊ, १० ते ९९ चे एकशे ऐंशी आणि शंभराचे तीन, असे एकूण १९२. यात वेगळे आकार फक्त दहा आहेत, म्हणजे तेच दहा आकार मूल १९२ वेळा काढतं. या सगळ्या मेहनतीत ते एकदाही काही मोजत नाही, कशाची तुलना करत नाही, 'कोण जास्त, कोण कमी' असा विचार करत नाही. मोठ्या माणसाला एखाद्या परक्या लिपीतली दहा अक्षरं १९२ वेळा गिरवायला दिली, तर त्याला ती भाषा येईल का? हात दुखेल, एवढंच.

हाताचंही ऐका. पेन्सिल तीन बोटांत नीट धरण्याची पकड बहुतेक मुलांमध्ये चार ते सहा वर्षांच्या दरम्यान हळूहळू पक्की होते. त्याआधी मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि मनगटाऐवजी सगळा दंड हलवतं. त्याला एकेरी रेघांत बारीक अंक काढायला सांगणं म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला दोरीवरून चालायला सांगण्यासारखं आहे. या वयात हाताला हवी असते कणीक मळायला, शेंगा सोलायला, मणी ओवायला, चिखल कालवायला. लिहिणारा हात त्यातूनच तयार होतो.

मुलाच्या डोक्यात संख्या तयार कशी होते?

'लहान मुलाला गणित काय कळणार' हा समजही तितकाच चुकीचा आहे. सहा महिन्यांच्या बाळालाही ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक जाणवतो. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली हे दाखवून दिलं. त्याच बाळांना ८ आणि १२ मधला फरक मात्र ओळखता आला नव्हता. म्हणजे 'ढोबळ किती' ही जाण आपण जन्मापासून घेऊन येतो. नेमकी संख्या मात्र शिकावी लागते आणि ती पायरी-पायरीने येते.

१. पाठांतर: दोन-अडीच वर्षांचं मूल 'एक, दोन, तीन, चार' असं गाण्यासारखं म्हणतं. त्याच्यासाठी ही अजून बडबड आहे. त्यात संख्या नाही.

२. एकास एक संगती: एका वस्तूला एकच अंक, कुठली सुटणार नाही, कुठली दोनदा मोजली जाणार नाही. लहान मुलं मोजताना एकाच गोट्यावर दोनदा बोट ठेवतात. हे कौशल्य हाताने वस्तू सरकवत मोजल्याशिवाय येत नाही.

३. एकेका संख्येचा अर्थ: मूल आधी फक्त 'एक' समजतं. 'एक दे' म्हटलं की एक देतं, बाकी काहीही मागितलं तरी मूठभर. काही महिन्यांनी 'दोन' समजतं, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास याच 'मला इतके दे' पद्धतीने मुलांचा अभ्यास केला आणि हा क्रम पुढे अनेक संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसला.

४. शेवटचा अंक म्हणजे एकूण किती: साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास मुलाला उलगडतं की मोजताना शेवटी म्हटलेला अंक हेच 'किती' या प्रश्नाचं उत्तर असतं. आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढचं सगळं अंकगणित याच पायावर उभं राहतं.

५. चिन्ह: सगळ्यात शेवटी '५' हा आकार. हाताची बोटं, पाच चिंचोके, पाच शिट्ट्या या सगळ्यांसाठी हे एकच चिन्ह आहे, हे कळल्यावर त्या चिन्हाला अर्थ येतो.

आपल्या अनेक पूर्वप्राथमिक शाळा पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी मारायला लावतात. मधल्या तीन पायऱ्या वहीत दिसत नाहीत, त्यांचे फोटो काढता येत नाहीत, स्नेहसंमेलनात दाखवता येत नाहीत. म्हणून त्या गाळल्या जातात.

विचार करणं म्हणजे उत्तर देणं नव्हे

स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांचा प्रयोग घरी सहज करता येतो. पाच-पाच नाण्यांच्या दोन सारख्या रांगा मांडा. मूल म्हणेल, दोन्ही सारख्या. आता त्याच्यासमोर एक रांग पसरवून लांब करा आणि विचारा, "आता कुठे जास्त?" पाच वर्षांची बरीच मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. त्यांच्या डोळ्यांना लांबी दिसते आणि ती संख्येवर मात करते.

पण यातली गंमत पुढे आहे. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. रांग मोठ्या माणसाने न पसरवता एका 'खोडकर टेडी'ने येऊन विस्कटली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी 'सारखेच आहेत' असं बरोबर उत्तर दिलं. कारण सरळ आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार. मूल नाण्यांचा विचार सोडून आपल्या चेहऱ्याचा विचार करायला लागतं.

हे चटका लावणारं आहे. "नीट बघ! परत सांग! काल तर आलं होतं!" असं आपण म्हणतो, तेव्हा मूल नेमकं काय शिकतं? आईला कोणतं उत्तर हवंय ते ओळखायला. त्याऐवजी एकच प्रश्न विचारून बघा: "तुला असं का वाटलं?" उत्तर चूक असो की बरोबर, हा प्रश्न विचारा आणि थांबा. विचारशक्ती वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

'त्रेचाळीस'चं ३४ लिहिणारं मूल ढ नसतं

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि तिची शिक्षा मुलांना मिळते. 'त्रेचाळीस' बोलताना आधी तीन येतात, मग चाळीस. लिहिताना आधी ४, मग ३. 'एकोणतीस' म्हणजे तीसला एक कमी, पण लिहिताना त्यात ना तीस दिसतो ना एक. चिनी भाषेत बाराला 'दहा-दोन' आणि त्रेचाळीसला 'चार-दहा-तीन' असं सरळ म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलांना दशक-एककाची रचना शब्दांतूनच कळते. आपल्या मुलांना मात्र शंभरपर्यंतची बहुतेक नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विनोद झाले, मीम्स फिरले, विधिमंडळातही चर्चा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं मुलांना कठीण जातात आणि त्यामुळे त्यांच्या मनात गणिताची भीती बसते. आपण भाषेच्या अस्मितेवर भांडलो, मुलाच्या अडचणीवर बोलायचं राहूनच गेलं. 'त्रेचाळीस' टिकलाच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही. पण आधी चार दहांचे गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या, मग 'यालाच त्रेचाळीस म्हणतात' असं सांगा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे पालक विचारतात, घरी कोणत्या भाषेत मोजायचं? ज्या भाषेत तुम्ही सहज बोलता, त्या. 'किती' ही समज एकदा आली की ती दुसऱ्या भाषेतही कामाला येते, तिथे फक्त नवे शब्द शिकावे लागतात.

"मग काय, नुसतं खेळू द्यायचं?"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'हो' असं नाही. एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या बालवाड्यांमध्ये मोठा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. मुलांना काही महिने संख्येचे आणि आकारांचे खेळ खेळायला दिले. त्यांची संख्येची सहज जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकून होती. पण प्राथमिक शाळेतल्या पुस्तकी गणितात त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही.

याचा अर्थ खेळ निरुपयोगी, असा मी लावत नाही. खेळातली समज आणि अंकांची चिन्हं यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो, आणि तो पूल मूल एकटं बांधत नाही. तो मोठ्या माणसाच्या बोलण्यातून बांधला जातो. अमेरिकेत सिग्लर आणि रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना १ ते १० अंकांच्या सरळ पट्टीवर सोंगटी चालवायचा खेळ दिला. सोंगटी ज्या घरात जाईल त्याचा अंक मोठ्याने म्हणायचा, एवढाच नियम. पाव-पाव तासाच्या चार बैठकांत मुलांची अंकांची समज सुधारली. तोच खेळ अंकांऐवजी रंगांच्या पट्टीवर खेळणाऱ्या मुलांना हा फायदा झाला नाही. खेळ होता, अंक डोळ्यांसमोर होता, तोंडी शब्द होता आणि सोबत मोठं माणूस होतं. या चारही गोष्टी एकत्र हव्यात.

आणि हे आपल्याला परकं नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये नेलं. पानं, बिया, खडे, शिंपले अशी परिसरात फुकट मिळणारी साधनं घेऊन त्यांनी मुलांना शिकवलं. आज आपण हजारो रुपये फी भरून वर्कशीट विकत घेतो.

घरात काय करता येईल?

वेगळा वेळ काढू नका. चालू कामातच मुलाला घ्या.

• कुकरच्या शिट्ट्या: "तीन झाल्या की मला सांग." न दिसणारी गोष्ट मोजणं हे वस्तू मोजण्यापेक्षा अवघड काम आहे.

• ताटं मांडणं: "आज आजी-आजोबा पण जेवायला आहेत, किती ताटं लागतील?" एका माणसाला एक ताट, एक वाटी. मोजून न आणता एक-एक आणत बसलं तरी चालेल.

• मिसळणाचा डबा, एकात एक बसणाऱ्या वाट्या: लहान-मोठा क्रम लावणं.

• धुतलेले कपडे: मोज्यांच्या जोड्या, बाबांचे आणि ताईचे कपडे वेगळे करणं म्हणजे वर्गीकरण.

• फुलांचा हार, मणी: दोन पिवळी, एक लाल, दोन पिवळी... "आता कोणतं?" हा आकृतिबंध. पुढच्या बीजगणिताची सुरुवात इथे होते.

• चिंचोके: मुठीत पाच दाखवा, दोन लपवा, तीन उघडे ठेवा. "किती लपले?" वजाबाकीचं नावही न घेता वजाबाकी.

• खडूने आखलेली १ ते १० घरं: उडी मारताना अंक म्हणायचा. पाच वर्षांनंतर सापशिडी आणि पत्त्यांतला बदाम सात.

मूल चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. "चल, परत मोजू या" म्हणा आणि वस्तू सरकवत मोजा. आणि मुलासमोर "मला पण गणित कधी जमलं नाही" हे वाक्य कृपा करून बोलू नका. भीती ऐकूनही लागते.

बुद्धीचा बाजार

आता टॉनिकबद्दल. चांगल्या आहारावर वाढणाऱ्या निरोगी मुलाची बुद्धी वाढवणारं कोणतंही सिद्ध झालेलं टॉनिक नाही. 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग ही शुद्ध फसवणूक आहे. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाला मिळणारा प्रतिसाद यांसारखी कामं जन्मापासून करतो, तो कोणाच्या शिबिराची वाट बघत नाही. मूल पट्टीखाली नाकाशेजारच्या फटीतून बघतं आणि आपण त्याला टाळ्या वाजवून खोटं बोलायला शिकवतो.

मोबाइलवरच्या 'शैक्षणिक' अॅपबद्दलही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत बैठा स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांत तो दिवसाला एक तासाच्या आत, कमी तेवढा बरा. अॅप 'शाब्बास' म्हणेल, पण 'तुला असं का वाटलं' हे विचारून उत्तराची वाट बघणार नाही.

डॉक्टरकडे खरंच काय तपासून घ्यावं?

• हिमोग्लोबिन: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता लक्ष, स्मरण आणि शिकणं यांवर परिणाम करते. शंभरपर्यंत अंक येत नाहीत म्हणून घाबरणाऱ्या आपल्याला ही संख्या घाबरवत नाही, हे विशेष आहे.

• कान आणि डोळे: वारंवार कान फुटणारं मूल सूचना अर्धवट ऐकतं आणि 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा खातं.

• झोप: तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते. क्लास आणि होमवर्क यासाठी ती कापू नका.

• भाषा: तीन वर्षांचं मूल छोटी वाक्यं बोलत नसेल, साध्या सूचना समजत नसतील, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, आधी येणारी कौशल्यं विसरत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

• पाच वर्षं पूर्ण होऊनही तीन-चार वस्तू मोजून देता येत नसतील, 'जास्त-कमी' कळत नसेल, तर विकासाची तपासणी करून घ्या. मात्र गणित अक्षमतेचं निदान साधारण सात-आठ वर्षांआधी करू नये. ज्युनियर केजीतल्या मुलावर असा शिक्का मारणाऱ्याला कागद दाखवायला सांगा.

शाळेला हे प्रश्न विचारा

शाळाचालक म्हणतात, "पालकांनाच वह्या भरलेल्या हव्या असतात." पालक म्हणतात, "शाळाच सांगते, आम्ही काय करणार?" दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधे मूल १९२ आकडे काढत बसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळ व कृतीवर आधारित असावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही, पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा 'पहिलीच्या प्रवेशासाठी तयारी' ही सबबही चालणार नाही.

प्रवेश घेताना एसी आणि सीसीटीव्ही बघून झाले की हे विचारा: वर्गात मुलांच्या हाताला मिळेल अशा मोजायच्या वस्तू कुठे आहेत? चार वर्षांच्या मुलाला लेखी होमवर्क देता का? एखादं मूल चुकलं तर बाई काय म्हणतात? एका बाईंकडे किती मुलं असतात?

शाळा बदलणं प्रत्येकाला शक्य नसतं, हे मला माहीत आहे. मग निदान एवढं करा. येत्या पालक-सभेला चार-पाच पालक मिळून जा आणि ज्युनियर केजीचा लेखी होमवर्क बंद करण्याची मागणी लेखी द्या. एकट्या आईला 'तुमचं मूल मागे पडेल' असं सांगून गप्प बसवता येतं, पाच जणांना बसवता येत नाही. आणि तोपर्यंत, मूल रडत असेल तर ती वही बंद करा. उद्या बाईंना काय सांगायचं हा प्रश्न तुमचा आहे, चार वर्षांच्या मुलाचा नाही.